व्हरांड्यातली प्रार्थना

“हे आमच्या स्वर्गातल्या बापा, आज बुधवार. आज नववा दिस. फायल अजून मन्याच्याच टेबलात हाय, तिसऱ्या खणात. तू त्याला उठीव, बापा. त्याचा हात धर आन् ती फायल भायेर काढ.”

मन्या म्हणजे मी. मनोहर ओहोळ, नगरपालिकेतला अभिलेख कारकून, तेव्हा वय छत्तीस. आणि ही प्रार्थना देवळात चालली नव्हती. नगरपालिकेच्या व्हरांड्यात, माझ्या खिडकीपासून चार हातांवर, चपला बाजूला काढून, डोक्यावर पदर घेऊन तबिथामावशी बसली होती आणि बाजारात भाजी विकावी तशा आवाजात देवाला माझ्या टेबलाचे खण सांगत होती.

“ओहोळ, तुमच्या देवाला पत्ता बरोबर कळलाय हं,” शेजारच्या टेबलावरून गुजर म्हणाला. “आता फक्त कुलपाची किल्ली सांगायची राहिली.”

मी रजिस्टरात डोकं घातलं. बोललो असतो तर शिवी निघाली असती.

तबिथा भिंगारदिवे ही मिशनच्या बोर्डिंगातली स्वयंपाकीण. दुसरीपासून मॅट्रिकपर्यंत मी तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्या, आणि कालवणात मीठ जास्त झालं म्हणून कुरकुर केली तेव्हा तिच्या पळीचा मारही खाल्ला. तिला सही करता यायची, मोठ्या टाइपातलं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता यायचं, बाकी लिहिता येत नव्हतं. ऑफिसात मला सगळे ओहोळ म्हणायचे, नवे शिपाई तर ओहोळसाहेब. तिने नऊ दिवस रोज अकरा वाजता येऊन मला मन्या करून टाकलं. जकातीचे कारकूनसुद्धा माझ्या पाठीमागे मन्या म्हणायला लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मामला असा होता. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला आमच्या ख्रिस्ती मंडळीचं कबरस्तान आहे. तिकडे जाणारी गाडीवाट भोसेकरांच्या लाकडाच्या वखारीमागून जायची. भोसेकर नगरपालिकेत बांधकाम समितीचे सभापती. दिवाळीत त्यांनी वखार वाढवली आणि वाटेच्या दोन्ही तोंडांना काटेरी तार ठोकली. वाट माझ्या जागेतून जाते, म्हणाले. डिसेंबरात आमचे शलमोन मास्तर वारले, तेव्हा त्यांची पेटी पलीकडच्या अंगाने, ओढ्यातून न्यावी लागली. गुडघाभर पाणी, खाली शेवाळ. एकाचा पाय घसरला आणि पेटी एका बाजूने पाण्यात टेकली. मास्तरांची म्हातारी काठावर उभी राहून ते बघत होती. हे मला लोकांनी सांगितलं. मी गेलो नव्हतो. मी ऑफिसात होतो.

त्यानंतर अर्ज आला, तबिथामावशीच्या सहीचा. अर्जाची सुरुवात अशी होती: ‘प्रथम स्वर्गातील बापास विनंती, नंतर मा. मुख्याधिकारी साहेबांस विनंती की...’ गुजरने तेवढं मोठ्याने वाचलं आणि सगळे टेबलं बडवून हसले. “अर्ज थेट वरिष्ठांकडे गेलाय,” तो म्हणाला, “आपल्याला नुसती प्रत, माहितीसाठी.” मीही हसलो. पुढचं कोणी वाचलं नाही, मीसुद्धा नाही. विषय काय तो माहीतच होता. साहेबांनी कडेला शेरा मारला, ‘अभिलेख पाहून वाटेची नोंद आहे किंवा कसे, याचा अहवाल द्यावा,’ आणि फाईल माझ्याकडे आली. ती मी तिसऱ्या खणात टाकली.

नोंद होती. एकोणीसशे एकतीसच्या नकाशात ती वाट ठिपक्यांनी काढलेली होती आणि बाजूला बोरूच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘कबरस्तानाकडे, वहिवाट.’ नकाशा माझ्या मागच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर. हे गावात मला एकट्यालाच माहीत होतं. कोणी विचारलं तर मी सांगायचो, शोधतोय. तीन महिने शोधत होतो. सभापतींशी वैर कोण घेणार, आपल्या लोकांची बाजू घेतो असं सगळे म्हणतील, घर नोकरीवर चालतं, अशी कारणं मी स्वतःला द्यायचो, आणि ती मला पटायचीही.

येत्या रविवारी ईस्टर होता. आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी गाणी म्हणत कबरस्तानात जाते. त्या वर्षी तारेमुळे जाता येणार नव्हतं. उपासना चालवणारे आमचे पाळकसाहेब दोन रविवार आधीच म्हणाले होते, यंदा देवळातच करू. मंडळीने माना डोलावल्या. मावशीने नाही डोलावली. ती दुसऱ्या दिवसापासून माझ्या खिडकीखाली येऊन बसायला लागली.

त्या बुधवारी साडेअकराला निमोणकरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे आमचे मुख्याधिकारी.

“ओहोळ, त्या बाई तुमच्या कोण?”

“कोणी नाही, साहेब. ओळखीच्या आहेत.”

“नुसत्या ओळखीच्या? तुम्हाला मन्या म्हणतात. आणि आता देवाला माझंही नाव सांगायला लागल्या आहेत. काल काय म्हणाल्या माहीत आहे? निमोणकरसाहेबाचं मन कठीण आहे, पण बापा, त्याला दोन लेकी आहेत, त्यांना सांभाळ. माझ्या मुलींचा इथे काय संबंध?”

“सांगतो मी तिला.”

“सांगू नका, घालवा. सकाळी सभापतींचा फोन होता. पोलीस बोलावतो म्हणतात. ऐन सणात म्हाताऱ्या बाईला पोलिसांनी उचललं तर पेपरात नाव कोणाचं येईल? त्यांचं नाही येणार, माझं येईल.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर टाकला. “तुमचा अहवाल कुठे आहे? तीन महिने झाले. नोंद आहे की नाही?”

मी त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं.

“नसेल तर तसं लिहा. आजच लिहा. नोंद नाही, विषय निकाली, बाई घरी. आणि असेल तर...” त्यांनी पंख्याकडे पाहिलं. “असेल असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटतं?”

“नाही, साहेब.”

टेबलाशी येऊन मी टिपणी लिहिली. ‘अभिलेखांची तपासणी केली असता सदर वाटेची नोंद आढळून येत नाही.’ खाली सही केली, तारीख घातली. अठरा वर्षांच्या नोकरीत मी चहासुद्धा कोणाचा घेतला नव्हता, आणि ही पहिली खोटी टिपणी. कधी एकदा बाहेर जाऊन तिला सांगतो असं झालं होतं. खरं सांगायचं तर मला त्यात आनंद वाटत होता.

“मावशी, ऊठ.”

तिने डोळे उघडले नाहीत. एक बोट वर केलं, थांब म्हणून. मग देवाला म्हणाली, “बापा, आला तो. ऱ्हायलेलं म्या तुला मागून सांगते.” पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं. “बोल.”

“नोंद नाही. वाटच नाही तिथे. लिहून टाकलं मी आत्ता. आता घरी जा.”

“शोधलं?”

“शोधलं.”

“नीट शोधलं?”

“मी काय खोटं बोलतोय?”

“व्हय,” ती म्हणाली. “खोटं बोलला की तुपले कान लाल व्हत्यात. ल्हानपनापून.”

खिडकीत गुजर खिदळला. तेवढ्याने माझा तोल गेला.

“नऊ दिवस!” मी ओरडलो. “नऊ दिवस माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. लाज नाही वाटत? तुझा देव काय बहिरा आहे? एकदा सांगितलेलं कळत नाही त्याला? रोज रोज काय तेच तेच?”

“त्याला कळतं. तुला कळंना.”

“मला नको शिकवू! मी ऐकलंय तुझं. एकवीस दिवस ऐकलंय.”

बोललो आणि मीच दचकलो. चार वर्षांत मी ते एकवीस दिवस तोंडातून काढले नव्हते.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात आमचा अनुग्रह मेंदूज्वराने दवाखान्यात होता. सहा वर्षांचा. मावशीने तेव्हा मंडळीची साखळी प्रार्थना लावली. तासातासाला एक घर, एकाचा तास संपला की दुसऱ्याने गुडघे टेकायचे, चोवीस तासांत एक मिनिटही रिकामं जाऊ द्यायचं नाही. ती स्वतः त्याच्या खाटेच्या पायथ्याशी असायची. मला आणि सुमतीला, माझ्या बायकोला, रोज सांगायची, सोडू नका, मागत राहा, त्याला मागणारी माणसं आवडतात. मी मागितलं. दवाखान्याच्या फरशीवर गुडघे सुजेपर्यंत मागितलं. बाविसाव्या दिवशी आम्ही त्याला वखारीमागच्या वाटेने घेऊन गेलो. पेटी एवढीशी होती की मी एकट्यानेच उचलली. त्यानंतर मी देवळात गेलो नाही, जेवणाआधी डोळे मिटले नाहीत, आणि घरात त्याचं नाव कोणाला घेऊ दिलं नाही.

“एकवीस दिवस मागितलंस ना?” मी म्हणालो. “काय दिलं त्याने? सांग ना! सोडू नका म्हणालीस. मी नाही सोडलं. त्याने सोडलं!”

पाणीपट्टीच्या रांगेतली माणसं आमच्याकडे बघत होती. गुजर खिडकीतून बाजूला झाला.

मला वाटलं, ही आता रडेल. नाहीतर देवाची इच्छा, त्याच्या मनात काहीतरी चांगलंच असेल, असलं काही बोलेल. तेव्हा सगळे तेच बोलले होते. ती तसं बोलली असती तर मी तिला दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या असत्या, इतका मी पेटलो होतो.

“तेच तर म्या त्याला रोज इचारते,” ती म्हणाली. तिचाही आवाज चढला. “तुला काय वाटलं, राग काय तुला एकट्यालाच हाय? म्या त्या लेकराला मांडीवर घेऊन भात चारला. रोज सकाळी डोळं उघडलं की पैलं तेच. का नेलंस? एवढी मानसं मागत व्हती, का नेलंस? कदी कदी तर लई वंगाळ बोलते म्या त्याला.”

“मग? काय म्हणतो?”

“काय बी न्हाई. चार साल झालं, गप हाय.”

“मग कशाला जातेस पुन्हा पुन्हा?”

“आन् सोडून दिऊ?” ती गुडघ्यावर हात देऊन उठून उभी राहिली. माझ्या खांद्याला लागायची नाही एवढी बाई, पण मी एक पाऊल मागे सरलो. “तो गप बसला म्हनून सुटला व्हय? जवाब दिल्याबिगर म्या त्याला सोडनार न्हाई. रोज दारात जाऊन बसनार. तू बरा हायेस त्याला. इचारत न्हाईस, भांडत न्हाईस, घरात दार लावून बसलास. तुपला काय तरास हाय का त्याला?”

माझा राग आणखी चढला. मग मी तोंडाला येईल ते बोललो.

“नवऱ्याच्या कबरीवर फुलं वाहायची तुला हौस, आणि नोकरी जायची माझी!”

“मपला नवरा?” ती बघतच राहिली. “आरं, त्यो मनमाडला पुरलाय. रेल्वेत व्हता न्हवं का? हितं मपलं कोन बी न्हाई.”

“मग अर्ज कशाला केलास?”

तिच्या चेहऱ्यावरचा सगळा राग गेला, आणि ते मला जास्त झोंबलं.

“वाचला न्हाईस?” तिने हळू विचारलं. “तीन म्हैनं तुपल्या टेबलात हाय, मन्या. तू वाचलाच न्हाईस?”

मी आत आलो. खण ओढला, तो अडकला, मी तो असा हिसडला की शाईची दौत आडवी झाली. फाईल काढली. पहिली ओळ तीच, सगळे हसले होते ती. मग मी पहिल्यांदा अक्षराकडे पाहिलं. ते सुमतीचं होतं. ती बालवाडीत शिकवायची, तिचं अक्षर पाटीवर काढल्यासारखं गोल आणि सुटं. ते मी रोज वाण्याच्या यादीत बघत होतो.

‘सदर कबरस्तानात चि. अनुग्रह मनोहर ओहोळ, वय वर्षे सहा, याची कबर आहे. त्याची आई दर शनिवारी शाळा सुटल्यावर तेथे जात असे. तार घातल्यापासून तिला जाता येत नाही. तारेखालून जाण्याचा प्रयत्न केला असता तिला इजा झाली आहे. तिच्या यजमानांस ही बाब सांगता येण्यासारखी नाही. तरी वाट मोकळी करून मिळावी, ही नम्र विनंती.’

मी ते दोनदा वाचलं. ‘तिच्या यजमानांस’ या शब्दांवर बोट ठेवून बसलो. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते सगळं ऑफिस पाडून नवी इमारत झाल्यावरही, ती ओळ मला जशीच्या तशी पाठ आहे.

भोसेकरांची मला तेवढी भीती कधीच नव्हती. मला ती वाट उघडायलाच नको होती. वाट बंद होती तोवर मी तिकडे जात नाही यात माझा काही दोष नव्हता. तार निघाली असती तर रोज सकाळी उठून न जाणं मला जमवावं लागलं असतं. एवढ्यासाठी मी तीन महिने माझ्या बायकोला तिच्या पोरापासून अडवून ठेवलं होतं, आणि त्याआधी, नकाशा ठाऊक असून, शलमोन मास्तरांची पेटी पाण्यात टेकू दिली होती. मला माझीच किळस आली. राग मात्र तसूभरही कमी झाला नाही.

टिपणी मी फाडली. कपाटातून नकाशा काढला, त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली, आणि नवी टिपणी लिहून दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले.

साहेबांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. “अर्ध्या तासापूर्वी तुम्ही नाही म्हणालात.”

“तेव्हा खोटं बोललो, साहेब.”

“ओहोळ, हे कागद परत न्या. मी पाहिले नाहीत असं समजतो. सभापती तुम्हाला जकात नाक्यावर बसवतील.”

“बसवू दे.”

“शांतपणे विचार करा. रागात आहात तुम्ही.”

“रागात आहे, साहेब. म्हणूनच सांगतो. तुम्ही आज सही केली नाहीत तर हा नकाशा मी कलेक्टरांकडे घेऊन जाईन. पाठीवर घालून नेईन. आणि ती बाई उद्यापासून तुमच्या खिडकीखाली बसेल.”

त्यांनी बाहेर पाहिलं. मावशी पुन्हा पदर घेऊन बसली होती. तिचा आवाज केबिनपर्यंत येत होता, शब्द कळत नव्हते.

“नक्कल जोडा,” ते म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

संध्याकाळी घरी आलो तर सुमती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

“कुठे लागलं तुला?”

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. “पाठीला,” ती म्हणाली. “बरं झालंय आता.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार? त्याचं नाव घेतलं की तुम्ही ताटावरून उठता.” ती पुन्हा तांदळात बोटं फिरवायला लागली. “मावशीला सांगितलं. ती म्हणाली, आपण दोघी मागत राहू. ती तिथे बसायची, मी शाळेत. अकराला, पोरं पाढे म्हणायची तेव्हा.”

“काय मागायचीस?”

“वाट मागायचे. आणि तुमचा राग उतरू दे, म्हणून.”

“उतरला नाही.”

“दिसतंय,” ती म्हणाली.

शनिवारी दुपारी नगरपालिकेची दोन माणसं पक्कड घेऊन गेली आणि त्यांनी तार कापली. भोसेकर रस्त्यात उभे राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. जूनमध्ये मला जकात नाक्यावर पाठवलं, तिथे मी चार वर्षं ट्रकांच्या पावत्या फाडल्या.

रविवारी पहाटे सुमती उठली, पांढरं पातळ नेसली आणि मला काही न विचारता निघाली. मी अंथरुणात पडून तिच्या पायांचा आवाज ऐकत होतो. देवळाकडून गाणं सुरू झालं. मी उठलो, सदरा चढवला आणि मागोमाग गेलो. सगळ्यांच्या मागे, वीस पावलांवरून. कोणी मागे वळून पाहिलं असतं तर मी परत फिरलो असतो.

कबरस्तानात आमची रीत आहे. एकेका कबरीपाशी थांबायचं, त्या घरच्या कर्त्या माणसाने मोठ्याने प्रार्थना करायची, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं आणि पुढच्या कबरीकडे वळायचं. शलमोन मास्तरांच्या कबरीपाशी त्यांचा मुलगा उभा राहिला. मग दोन कबरी झाल्या. मग सगळे एका लहानशा उंचवट्यापाशी थांबले. त्याला सिमेंट नव्हतं, मी केलंच नव्हतं. कोणीतरी भोवती ओढ्यातले गोटे एकाला एक लावून ठेवले होते आणि त्यांना चुना दिला होता. तीन ईस्टर इथे मावशीनेच प्रार्थना केली होती, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी ती पदर घेऊन गप्प उभी राहिली. सुमतीही गप्प. माणसं वाट बघत होती. कोणीतरी खोकलं.

मी पुढे झालो. डोळे मिटले नाहीत.

“मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं,” मी म्हणालो. “एकवीस दिवस मागितलं. तू ऐकलं नाहीस. ऐकून दिलं नसशील तर आणखी वाईट. सहा वर्षांचा होता. चपलेतली डावी कुठली, उजवी कुठली, हे अजून कळत नव्हतं त्याला. तुला कशाला पाहिजे होता? चार वर्षं मी गप्प बसलो, तूही गप्प बसलास. तुला एकदाही वाटलं नाही का की हा काही बोलत नाही? याची आई तारेखालून रांगत होती तेव्हा कुठे होतास तू? मी तुला माफ केलेलं नाही. करणारही नाही. मला उत्तर पाहिजे.”

पाळकसाहेब घाईने पुढे आले. “ओहोळ, ओहोळ, असं नका...” मावशीने त्यांच्या झग्याची बाही धरली.

“थांबा, साहेब,” ती म्हणाली. “चार सालानं बोलायला लागलाय त्यो.”

पाळकसाहेब थांबले. असल्या प्रार्थनेला आमेन म्हणावं की म्हणू नये, हे मंडळीला कळेना. बायका एकमेकींकडे बघत होत्या.

“आमेन,” सुमती म्हणाली. मोठ्याने, स्वच्छ. मग मावशी म्हणाली. मग एकेक करून, मागेपुढे, सगळे म्हणाले.

“माझं संपलेलं नाही,” मी सुमतीवर खेकसलो.

“मग उद्या बोला,” ती म्हणाली. “मी येणारच आहे.”

सोमवारी मला ऑफिसला पाऊण तास उशीर झाला. निमोणकरसाहेबांनी कारण विचारलं. बोलणं लांबलं, मी म्हणालो.